डाव्या घोड्याखालचा रंग

कार्तिकी पौर्णिमा उलटून प्रतिपदेची दहीहंडी फुटली, की कौंडण्यपुरातील गर्दी तिसऱ्या प्रहरापासून ओसरू लागते. तिवसा आणि आर्वीकडे जाणाऱ्या गाड्या एकामागून एक निघून जातात, देवळाच्या पायऱ्यांवर गोपाळकाल्याच्या लाह्या तेवढ्या उरतात, आणि दिवसभर माणसांच्या कोलाहलात बुडालेला वर्धा नदीचा ओघ पुन्हा कानांवर येऊ लागतो. अशा एका सायंकाळी बापूसाहेबांच्या वाड्याच्या ओसरीवर आम्ही तिघे बसलो होतो. बापूसाहेब एका जुन्या देशमुखी घराण्याचे वंशज; गुरुजी अमरावतीस रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले; मी दोघांहूनही वयाने लहान, आणि त्या सायंकाळी केवळ श्रोता. आमच्यामध्ये घोंगडीवर एक दुनळी बंदूक उघडून ठेवली होती.

ती बर्मिंगहॅमची होती. नळ्यांच्या खालच्या अंगास तेथील परीक्षागृहाचे शिक्के अद्याप बोटाला लागत. १८१३ साली कायद्याने स्थापन झालेल्या त्या संस्थेत प्रत्येक नळीत नेहमीहून अधिक दारू भरून ती उडवून पाहत आणि मगच तीवर मोहोर उठवीत. बंदुकीचे दोन्ही घोडे बाहेरच्या अंगास होते, आणि त्यांच्या मागे चापाचे यंत्र झाकणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्यांवर वेलबुट्टी कोरलेली होती. परंतु या दोन पट्ट्या एकमेकींच्या बहिणी वाटत नव्हत्या. उजवी चांदीच्या पळीसारखी पांढरी लखलखीत होती; डावी पावसाळी आभाळासारखी करडी पडली होती, आणि तिच्या घोड्याखाली, जेथे हात पोहोचत नाही अशा खोबणीत, नखाएवढ्या जागेत गडद निळा, त्याच्या कडेला जांभळा, आणि त्याहीपलीकडे वाळल्या गवतासारखा पिवळा रंग टिकून होता.

बापूसाहेब म्हणाले, “गुरुजी, माझ्या आजोबांच्या लहानपणी ही सबंध बंदूक अशा रंगांची होती, असे आमच्या घरात सांगत आले आहेत. पुढे कोणा शिकलगाराने ‘घासून देतो’ म्हणून उजवी बाजू पांढरी केली. डावीस हात घालण्यापूर्वीच आजोबांनी ती परत घेतली, म्हणून एवढा डाग वाचला. तीन पिढ्या आम्ही परवाना चालू ठेवला, दसऱ्याला ही पूजेत मांडली. परंतु मांडताना मन प्रसन्न होत नाही. या पट्ट्यांना पुन्हा रंग आणून देणारे कारागीर असतात असे ऐकतो. ती तजवीज करावी, असा माझा विचार आहे.”

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवून तो डाग बराच वेळ न्याहाळला. “बापूसाहेब, आपण याला रंग म्हणता, पण यात रंगद्रव्य कणभरही नाही. पारव्याच्या मानेवर किंवा डबक्यात सांडलेल्या घासलेटाच्या तवंगावर जे दिसते, त्याच जातीचे हे आहे. लोखंडावर प्राणवायूच्या संयोगाने एक पापुद्रा बसतो, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि आपल्याला रंग भासतो. पापुद्रा अत्यंत पातळ असेल तर पिवळसर, किंचित वाढला की तांबूस, मग जांभळा, मग निळा. शिकलगाराने घासला तो हा पापुद्रा. परंतु त्याच्या खाली जे आहे, ते त्याला घासता आले नाही. त्या पांढऱ्या बाजूवर आजही कानस लावलीत तर ती घसरेल.”

“म्हणजे?”

“म्हणजे असे, की ही पट्टी आत मऊ लोखंडाची आहे आणि वरची कातडी तेवढी पोलादाची आहे. कारखान्यात याला केस हार्डनिंग म्हणतात, पुस्तकांत पृष्ठ-कठिनीकरण.”

आणि मग गुरुजींनी ती सारी क्रिया सांगितली. जुन्या काळी घडवलेले लोखंड मऊ असे. कानशीने आकार देण्यास, छिन्नीने वेलबुट्टी उठविण्यास ते सोयीचे, पण झिजण्यास तितकेच तत्पर. म्हणून आधी सारे घडवून, घासून, कोरून घ्यावयाचे. मग हाडांचा आणि चामड्याचा कोळसा बंद पेटीत भरून त्यात हे भाग एकमेकांस न लागता पुरावयाचे. पेटीची झाकणे मातीने लिंपून ती लाल होईपर्यंत तापवावयाची आणि काही तास तशीच ठेवावयाची. कोळशातील कार्बन लोखंडात शिरतो, फार खोल नव्हे, मिलिमीटरचा काही दशांश भाग. तेवढी कातडी पोलाद होते. शेवटी पेटी पाण्यावर आणून सगळा ऐवज एकदम पाण्यात सोडावयाचा. पाण्यात हवेचे बुडबुडे खेळते असतील, तर त्या एका क्षणात पृष्ठभागावर ढगांसारखे रंग उमटतात. तेलात विझवले तर कठीणपणा येतो, पण रंग येत नाहीत. कोणत्या जागी निळा येईल आणि कोणत्या जागी पिवळा, हे कारागीर थोडेफार वळवू शकतो, परंतु एकसारख्या दोन पट्ट्या त्यालाही काढता येत नाहीत.

“मुळात रंगासाठी हे कोणी करीत नव्हते,” गुरुजी पुढे म्हणाले. “चकमकीच्या बंदुकीत गारगोटी ज्या लोखंडी पानावर आपटते, ते पान मऊ असेल तर ठिणगीच पडत नाही. घोड्याच्या खाचा मऊ असतील तर चार महिन्यांत झिजतात आणि चाप न ओढताच बार उडतो. गरजेपोटी हे आले. सतराव्या शतकात लंडनच्या जोसेफ मॉक्सनने लोहारकामाच्या आपल्या ग्रंथात गुरांची शिंगे किंवा खूर भाजून, कुटून, त्यात मीठ आणि शिळे मूत्र कालवून त्याचा लेप लोखंडास देण्याची रीत लिहून ठेवली आहे. त्याच्याही पाचशे वर्षे आधी थिओफिलस नावाच्या जर्मन साधूने कानशींना डुकराची चरबी आणि बोकडाच्या चामड्याच्या पट्ट्या गुंडाळून त्या तापवण्यास सांगितले. रंग हे त्या क्रियेचे आगंतुक अपत्य. ते देखणे आहे हे लक्षात आल्यावर एकोणिसाव्या शतकात इंग्रज बंदूकवाल्यांनी ते जपले, वर लाखेचा पातळ हात दिला. अमेरिकेत कोल्टच्या १८७३ च्या पिस्तुलाचा सांगाडा आणि विंचेस्टरचे घोडे याच रंगांत बाजारात आले. पुढे निकेल-क्रोमियमची पोलादे निघाली, ती आतबाहेर सारखीच कणखर. मग हाडे जाळण्याचे प्रयोजनच उरले नाही.”

बापूसाहेब हे ऐकत होते, पण त्यांचे समाधान झालेले नव्हते. त्यांनी उत्तर दिले ते शेतकऱ्याचे होते, आणि माझ्या मते त्या सायंकाळच्या बोलण्यातले ते पहिले खरे कठीण उत्तर होते.

“गुरुजी, आमच्या भाषेत हत्याराला पाणी देतात. माणूस पाणीदार म्हणतो तो याच पाण्यावरून. मृगापूर्वी आमच्या वखराची पास, विळे, कुऱ्हाडी लोहाराकडे जातात. तो त्या तापवतो, ठोकतो, पुन्हा पाणी पाजतो. पाणी उतरले तर पुन्हा चढवावे, हा लोखंडाचा धर्मच आहे. माझ्या पणजोबांची कुऱ्हाड दरसाल भट्टीत गेली म्हणून ती आज टिकली; ती काचेच्या पेटीत ठेवली असती तर गंजून गेली असती. मग बंदुकीनेच काय पाप केले?”

“कुऱ्हाडीची धार बोथटते, तिचे काम अडते, म्हणून ती लोहाराकडे जाते,” गुरुजी म्हणाले. “या पट्टीचे काम कोठे अडले आहे? तिचे पाणी उतरलेलेच नाही, हे मी आताच सांगितले.”

“तर मग आणखीच सोपे झाले! कठीणपणा शाबूत आहे, गेला आहे तो केवळ शृंगार. देवीला दर सणाला नवे लुगडे नेसवतो, त्याने मूर्तीस काय बाध येतो?”

मला वाटते, येथे गुरुजी क्षणभर अडले. त्यांनी बंदूक मांडीवर घेतली आणि सावकाश बोलू लागले. हा शृंगार वरून नेसवण्याचा नाही, ही खरी अडचण होती. खऱ्या रीतीने रंग आणावयाचे, तर पट्टी आधी तापवून मऊ करावी लागेल. ओरखडे घासून काढावे लागतील, त्या घासण्यात कोरलेल्या वेली उथळ होतील. पुसट झालेल्या रेषा कोणी नव्या हाताने कोरील. मग पुन्हा पेटी, पुन्हा आग, पुन्हा पाणी. पाण्यात पडताना पातळ लोखंड किंचित वाकते, आणि आक्रोडाच्या दस्त्यात केसाचेही अंतर न ठेवता बसवलेली पट्टी पुन्हा तशी बसेलच असे नाही. खोट्या रीतीने आणावयाचे, तर ज्योतीने किंवा औषधांनी वरवर डाग उठवता येतात. विसाव्या शतकात सायनाइडच्या रसात बुडवून वाघाच्या पट्ट्यांसारखे रंग झटपट काढणारे कारखानेही झाले. “परंतु ज्योतीचा तो रंग म्हणजे या पट्टीने कधी न दिलेली साक्ष तिच्या तोंडी घालणे होय,” गुरुजी म्हणाले. “आणि आज ती देते आहे ती साक्ष पाहा. पट्टीच्या खालच्या कडेचा रंग पार गेला आहे, कारण ही बंदूक पुष्कळ चालून वाहिलेली आहे. वाहणाऱ्याचा हात जेथे पडतो तेथला रंग प्रथम जातो. उन्हाने उरलेला फिका पडला. घोड्याखाली हातही पोहोचला नाही आणि ऊनही, म्हणून मूळचा निळा राहिला. आपल्या आजोबांचा हात कोठे पडत असे, ते त्या करड्या भागावर लिहिलेले आहे.”

काही वेळ कोणी बोलले नाही. मग बापूसाहेबांनी आपल्या गावाचाच दाखला काढला. “कौंडण्यपूरची लेक रुक्मिणी पंढरपुरास नांदते, १५९४ पासून येथून तिची पालखी जाते, अशी परंपरा आहे. त्या पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींची झीज झाली तेव्हा २०२० साली पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी त्यांना वज्रलेप केला. प्रत्यक्ष देवाला जे चालते, ते माझ्या बंदुकीला चालू नये?”

“वज्रलेपाने मूर्तीला नवे नाक-डोळे घडवले नाहीत, बापूसाहेब, आहे ते आणखी झिजू नये एवढाच त्याचा हेतू. तसा लेप आपणही द्या, मी स्वतः आणून देतो. सूक्ष्म मेण किंवा शुद्ध तेल, मऊ कापडाने. पण वज्रलेपाची गोष्ट आपण काढलीत म्हणून सांगतो, ज्या ग्रंथात वज्रलेपाचे प्रकरण आहे त्याच ग्रंथात आपल्या या पट्टीची पूर्वज मंडळीही आहेत.”

ग्रंथ म्हणजे वराहमिहिराची बृहत्संहिता, सहाव्या शतकातील. तिच्या खड्गलक्षणात शस्त्राला पाणी देण्याच्या ज्या रीती आहेत, त्यांतील एक गुरुजींनी अर्थरूपाने सांगितली: शस्त्रास प्रथम तेल लावावे, मग रुईचा चीक, मेंढ्याचे शिंग जाळून केलेली मषी आणि पारव्याची व उंदरांची विष्ठा यांचा लेप द्यावा, मग पाणी पाजून धार लावावी, असे शस्त्र दगडावर मारले तरी खचत नाही. दुसरी रीत केळीचा क्षार ताकात मिसळून एक दिवस मुरवण्याची. शिंगाची मषी म्हणजे कार्बन, आणि शिंगात व विष्ठेत नत्रही असतो. नत्रदेखील लोखंडाच्या कातडीस कठीण करतो. अल्पकाळच्या तापवण्यात तो लेप किती खोल उतरत असेल याविषयी गुरुजींनी भलता दावा केला नाही, आणि तो संयम मला आवडला. परंतु मेंढ्याचे शिंग जाळणारा तो अनामिक लोहार आणि गुरांचे खूर भाजणारा मॉक्सनचा लोहार एकाच दिशेने चाचपडत होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. रुई तर आमच्या गावच्या प्रत्येक उकिरड्याच्या कडेला उभी आहे.

या प्रांताचे लोखंडाशी नाते जुने आहे, हेही बोलण्यात निघाले. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. कौंडण्यपुरातील पांढरीच्या टेकाडांवर त्यापूर्वी, १९६० च्या दशकाच्या आरंभी, मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी खणून गावाची प्राचीनता थरांनिशी सिद्ध केली. याच वऱ्हाडात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या मैदानावर भोसल्यांची फौज मोडली, १५ डिसेंबरास गाविलगड पडला आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. त्या काळी शिंद्यांच्या पायदळासाठी आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या हाताखाली चकमकीच्या बंदुका तयार होत. आपल्याकडची तोड्याची बंदूक याहून साधी होती, जळती वात दारूवर टेकवण्यापुरतेच तिचे यंत्र. ठिणगी पाडणारे कठीण पान तिला लागतच नव्हते.

“तेच तर मी म्हणतो!” बापूसाहेब एकदम पुढे सरकले. त्यांचा आवाज प्रथमच चढला. “बृहत्संहितेत रीत आहे, आणि ती जाणणारा एक लोहार पंचक्रोशीत नाही! निजामाच्या मुलखात, निर्मळजवळ कोनासमुद्रमला मुशीत लोखंड घालून पोलाद काढीत. इराणचे व्यापारी तेथे येऊन राहत आणि माल तोलून घेत. ती भट्टी विझली ती विझलीच. का विझली? मागणी संपली म्हणून. तुम्ही म्हणता जुने जपा, हात लावू नका. सगळ्यांनीच सगळे जपून ठेवले, तर करणारा हात कोठून येणार? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात टर्नबुल नावाच्या गृहस्थाने १९८० च्या दशकात हाडांच्या कोळशाची ही विद्या पुन्हा उभी केली, ती लोकांनी त्याला जुन्या बंदुका आणून दिल्या म्हणूनच ना? लोहाराने भट्टी पेटवावी, चांभाराने चामडे द्यावे, यांतून जी विद्या चालते तिला गिऱ्हाईक हवे. मी गिऱ्हाईक व्हायला तयार आहे, आणि तुम्ही मला अडवता!”

हे म्हणणे मी आजही खोडू शकत नाही. विद्या हातांत राहते. ग्रंथात राहते ती तिची आठवण. वराहमिहिराने लेपाची द्रव्ये लिहिली, परंतु लोखंड कोणत्या लालीवर आले म्हणजे पाण्यात सोडावे, हे त्या लोहाराच्या डोळ्यांबरोबर गेले. गुरुजींनाही हे पटले असावे, कारण त्यांनी या मुद्द्यास विरोध केला नाही. त्यांनी विचारले ते निराळेच.

“बापूसाहेब, आपल्या घरातील देशमुखीची सनद कोठे आहे?”

“दफ्तरात. रुमालात बांधलेली.”

“मी ती पाहिली आहे. मोडीतली, शाई उडालेली, मधल्या दोन ओळी तर भिंगाखालीही जेमतेम लागतात. ती कोणा चांगल्या अक्षराच्या माणसाकडून नव्या शाईने गिरवून का घेतली नाही?”

बापूसाहेब हसले नाहीत. त्यांच्या वडिलांनी इनामाच्या एका वादात रुजुवातीसाठी ती सनद कचेरीत नेली होती, हे मला ठाऊक होते. ते हलक्या स्वराने म्हणाले, “गिरवलेला कागद कोण मानतो, गुरुजी? खाडाखोड समजतात.”

“एवढेच मला म्हणावयाचे होते.”

या दोघांत कोणाचे खरे, असा प्रश्न वाचक मला विचारतील, आणि तो टाळण्याची माझी इच्छा नाही. जुन्या पट्टीपुरते गुरुजींचे खरे आहे. हा रंग एकदाच, एका विशिष्ट पेटीत, एका विशिष्ट क्षणी उमटला. तो पुन्हा आणता येत नाही, त्याच्या जागी दुसरा आणता येतो, आणि दुसरा आणताना पहिल्याचा उरलासुरला पुरावाही भट्टीत जातो. विद्येपुरते बापूसाहेबांचे खरे आहे, आणि त्यांच्या म्हणण्याची निकड गुरुजींच्या म्हणण्याहून मोठी आहे. कारण पट्टी कपाटात आणखी शंभर वर्षे राहील, पण ज्याने लहानपणी आजोबाला पास पाजवताना पाहिले असा लोहार तोवर थांबणार नाही. मात्र त्या विद्येला अभ्यासासाठी बापूसाहेबांची वडिलार्जित बंदूकच हवी असे नाही. मऊ लोखंडाचा कोणताही तुकडा तिला पुरतो.

तसेच घडले. निघण्यापूर्वी बापूसाहेबांनी डाव्या घोड्याखालच्या त्या नखाएवढ्या जागेवर तेलाचा बोळा स्वतःच्या हाताने फिरवला, बंदूक मऊ कापडात गुंडाळून आत नेली, आणि गावातील तरुण लोहाराला दुसऱ्या दिवशी बोलावणे धाडले. पुढच्या उन्हाळ्यात गुरुजींनी आणि त्या लोहाराने लोखंडी डब्यात हाडांचा कोळसा भरून अडकित्त्याची दोन पाती त्यात पुरली. पहिल्या खेपेस रंग आला नाही, नुसते करडे डाग पडले. पाणी संथ होते. दुसऱ्या खेपेस सायकलच्या पंपाने पाण्यात हवा सोडली, तेव्हा एका पात्यावर बोटभर लांबीचा निळा पट्टा उमटला. तो अडकित्ता आता बापूसाहेबांच्या पानाच्या तबकात असतो आणि रोज वापरला जातो, त्यामुळे त्याचा रंग उडू लागला आहे.

ज्यांच्या घरी अशी जुनी शस्त्रे असतील, त्यांना एवढीच विनंती आहे, की दसऱ्यापूर्वी ती लखलखीत करून घेण्यासाठी कोणाच्या हाती देऊ नयेत. कोरड्या मऊ कापडाने पुसावी, तेलाचा पुसट हात द्यावा, उन्हात ठेवू नयेत, आणि घोड्याखाली, खोबणीत, दस्त्याच्या कडेला काही रंग उरला आहे काय ते दिव्याच्या उजेडात एकदा पाहावे.